स्टाफ नेटवर्क: आधाराला उत्तम, न्यायाची खिडकी मात्र दुसरी

ब्रिटनमधल्या विद्यापीठात नोकरीला लागलं की पहिल्या आठवड्यातल्या ई-मेलांच्या ढिगात एक ओळ हमखास असते: आमच्याकडे वांशिक अल्पसंख्य कर्मचाऱ्यांचं आणि त्यांच्या पाठीराख्यांचं नेटवर्क आहे, जरूर या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये (एलएसई) त्याचं नाव ‘एम्ब्रेस’, इम्पिरियल कॉलेजात ‘इम्पिरियल अ‍ॅज वन’, केंब्रिजात सरळ ‘रेस इक्वालिटी नेटवर्क’. बाकी ठिकाणी वांशिक अल्पसंख्यांसाठीच्या बीएमई, बेम, ग्लोबल मेजॉरिटी या शब्दांपैकी त्या वर्षी जो शब्द चालतो तो. पाट्या निरनिराळ्या असल्या तरी माल बराचसा सारखाच. म्हणून इथे एखाद्या विद्यापीठाचं नेटवर्क न निवडता या सेवेचीच परीक्षा घेतली आहे.

गुण आधीच सांगून टाकू. माहितीसाठी पाचपैकी साडेचार, सोबतीसाठी चार, संस्थेचे नियम बदलून घेण्यासाठी दोन आणि तुमच्यावर भेदभाव झाला असेल तर त्याच्या तडीसाठी शून्य. हे शून्य म्हणजे दोष नव्हे, ते काम त्या खिडकीवर होतच नाही. पण हे वेळेत न कळल्यामुळे लोक मोलाचे आठवडे घालवतात.

साडेचार गुण कशाचे, ते आधी. विद्यापीठातल्या पगाराचं गणित बाहेरून आलेल्याला कुणी समजावून सांगत नाही. बहुतेक विद्यापीठांत २००४ च्या राष्ट्रीय फ्रेमवर्क करारातून आलेली, मुळात ५१ पायऱ्यांची पगारशिडी आहे आणि प्रत्येक विद्यापीठ तिचे तुकडे पाडून आपापल्या ग्रेड ठरवतं. एका पायरीचा फरक साधारण ३ टक्के. नेमणूकपत्रात बहुधा ग्रेडची सगळ्यात खालची पायरी लिहिलेली असते. सही करण्याआधी बोलून ती वाढवता येते, सही झाल्यावर जवळपास कधीच नाही. आपल्याकडे सरकारी स्केल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यामुळे आपली माणसं विचारतच नाहीत. दोन पायऱ्या खालून सुरुवात झाली की ग्रेडचं टोक गाठेपर्यंत दर वर्षी तेवढा पगार कमी मिळतो. सध्याचा पगार, दुसरीकडची ऑफर, जाहिरातीत मागितल्यापेक्षा जास्त अनुभव ही कारणं चालतात. घरभाडं परवडत नाही, हे चालत नाही. चांगल्या नेटवर्कमध्ये हे चहाच्या एका कपात कळतं. एचआरच्या पानावर ते शोधत बसलात तर मिळणार नाही.

बढतीचंही तसंच. शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या मंडळींसाठी वर्षातून एकदा बढतीची फेरी असते. कार्यालयीन आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांना मात्र बढती अशी नसतेच. एक तर वरच्या ग्रेडच्या जागेसाठी बाहेरच्यासारखा अर्ज करायचा, नाही तर आपल्या पदाचं पुनर्मूल्यांकन मागायचं. ते ‘हेरा’ (HERA) किंवा ‘हे’ (Hay) यांसारख्या मूल्यांकन पद्धतीनं होतं आणि त्यात माणसाला नाही, पदाला गुण मिळतात. दहा वर्षं इमानेइतबारे काम केलं, याला तिथे शून्य किंमत. गेल्या दीड-दोन वर्षांत पदावर कोणत्या जबाबदाऱ्या कायमच्या वाढल्या, किती रकमेचा खर्च तुमच्या सहीनं होतो, किती माणसं तुमच्या हाताखाली आहेत, हे पदवर्णनात लिहून आणि वरिष्ठाची सही घेऊनच अर्ज करावा लागतो. तात्पुरतं कुणाचं काम सांभाळत असाल तर ते धरत नाहीत. त्यासाठी ‘अ‍ॅक्टिंग अप’ भत्ता वेगळा मागायचा असतो.

म्हणून नेटवर्क पारखताना पहिला प्रश्न हा: यशस्वी झालेले जुने अर्ज नावं काढून वाचायला देतात का? तीन-चार अर्ज वाचले की निकषांच्या गुळगुळीत भाषेमागे समिती काय शोधते ते उमगतं. आणि हे फेरीच्या निदान वर्षभर आधी करायचं. पीएचडीचा विद्यार्थी पूर्ण होणं, बाहेरच्या विद्यापीठाचं परीक्षकपद, संशोधन निधीच्या अर्जावर मुख्य म्हणून नाव, यांतलं काहीही सहा आठवड्यांत उभं राहत नाही.

दिवाळीच्या रजेचा मुद्दा छोटा, पण दर वर्षी अडतो. दिवाळी ऐन पहिल्या सत्रात येते आणि शिकवणाऱ्याला तेव्हा रजा मिळणं कठीण. वेळापत्रकाच्या अडचणी नोंदवायची मुदत बहुतेक ठिकाणी वसंतातच संपते, ऑक्टोबरात विभागप्रमुखाकडे जाऊन काही होत नाही. ही मुदत कधी आहे, ते जुने सदस्य बरोबर सांगतात.

आता सामील होणं. इंट्रानेटवर ईडीआय (समानता, वैविध्य आणि समावेशन) विभागाच्या पानावर एक फॉर्म किंवा ई-मेल पत्ता असतो. नाव, विभाग, ग्रेड, सदस्य की अलाय (पाठीराखा), एवढं विचारतात. शुल्क नाही. फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट विचारा: सदस्यांची यादी कुणाकुणाला दिसते? आउटलुकमध्ये साध्या वितरण यादीच्या नावापुढचं अधिकचं चिन्ह दाबलं की आतली सगळी नावं उलगडतात, आणि ती विद्यापीठातल्या कुणालाही उलगडता येतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा गट असेल तर सदस्यत्व लपवण्याची सोय आहे, पण ती गट बनवतानाच निवडावी लागते, मागाहून लावता येत नाही. बरीच नेटवर्कं इथेच फसतात; मग सगळ्यांना नव्या गटात हलवण्याचा उद्योग कुणी करत नाही. टीम्सवर बंद चॅनेल असला तरी तिथे लिहिलेलं विद्यापीठाच्या सर्व्हरवरच राहतं आणि कुणी स्वतःविषयीची माहिती मागण्याचा कायदेशीर अर्ज केला तर शोधात ते वर येऊ शकतं. तुमच्या वरिष्ठाबद्दल मन मोकळं करायचं असेल तर बाकावर बसून करा, टीम्सवर नको.

नियम बदलण्यात दोनच गुण का, याचं उत्तर घड्याळात आहे. सह-अध्यक्षाला कागदोपत्री वेळ मिळालाच तर तो बहुधा ०.१ एफटीई, म्हणजे ३५ तासांच्या आठवड्यात साडेतीन तास. त्यात महिन्याची समिती, ई-मेल, ऑक्टोबरचे कार्यक्रम, नव्या सदस्यांचे फोन आणि ‘आमच्या मुलाखत समितीवर या ना’ ही आमंत्रणं. त्यांतल्या एकाच आमंत्रणाला हो म्हटलं की साठ-सत्तर अर्ज वाचायचे आणि मुलाखतींना अख्खा दिवस द्यायचा. समितीवर वैविध्य हवं या सदिच्छेपोटी तेच पाच-सहा चेहरे वर्षभर फिरवले जातात आणि त्यांचं स्वतःचं संशोधन मागं पडतं. अनेक ठिकाणी हे साडेतीन तासही फक्त तोंडी असतात, विभागाच्या वर्कलोडच्या तक्त्यात त्यांचा पत्ता नसतो. मग दोन वर्षांनी अध्यक्ष थकून बाजूला होतो, जागा रिकामी राहते आणि नेटवर्क पानावर जिवंत, प्रत्यक्षात निपचित. पानावरच्या शेवटच्या कार्यक्रमाची तारीख पाहिली तरी नाडी समजते.

दुसरं दुखणं सनदेचं. वांशिक समानतेच्या कामासाठी विद्यापीठांना मानांकन देणारा रेस इक्वालिटी चार्टर २०१४ साली प्रायोगिक स्वरूपात आला आणि २०१६ पासून सगळ्या संस्थांना खुला झाला. आता तो अ‍ॅडव्हान्स एचई ही उच्च शिक्षण क्षेत्रातली संस्था चालवते. ब्राँझ आणि सिल्व्हर असे त्याचे टप्पे. अर्जासाठी आत्मपरीक्षण समिती, कर्मचारी-विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण, वर्षानुवर्षांची आकडेवारी आणि कृती आराखडा लागतो. काम मोठं, माणसं कमी, मग विद्यापीठाला अचानक नेटवर्कची आठवण येते. नेटवर्कनं अनुभव सांगावेत, मसुदा तपासावा, खोटा दावा दिसला तर हरकत घ्यावी. मसुदा लिहिणं हे ईडीआय कार्यालयातल्या पगारी माणसाचं काम. ही रेघ पहिल्याच बैठकीत ओढली नाही तर ब्राँझ विद्यापीठाला मिळतं आणि घाम नेटवर्कचा जातो.

त्यापेक्षा जास्त ताकद दुसऱ्या एका तरतुदीत आहे आणि तिचा वापर फार कमी होतो. समानता कायदा २०१० च्या कलम १४९ नुसार सार्वजनिक संस्थांना कोणताही निर्णय घेताना समानतेवरच्या परिणामाचा गंभीर विचार करावा लागतो. विद्यापीठांत सध्या पुनर्रचना आणि नोकरकपात जोरात आहे. निर्णय व्हायच्या आधी, नेमक्या शब्दांत, ‘या प्रस्तावाचं समानता परिणाम मूल्यांकन दाखवा’ असं नेटवर्कनं लेखी मागितलं तर व्यवस्थापनाला ते टाळणं अवघड जातं. निर्णयानंतर मागितलं तर एक गोड पत्र येतं.

आकडे मागतानाही नेमकं मागावं लागतं. ‘कर्मचाऱ्यांपैकी किती टक्के अल्पसंख्य’ या प्रश्नाचं उत्तर छानच दिसतं, कारण सफाईपासून पोस्टडॉकपर्यंत सगळे त्यात येतात. अर्ज किती, शॉर्टलिस्ट किती, नेमणुका किती, हे टप्प्याटप्प्यानं मागा आणि ग्रेडवार मागा. ब्रिटनमधल्या प्राध्यापकांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण जेमतेम १ टक्क्याच्या आसपास आहे, ते असंच उघडं पडतं. ‘एशियन’ हा एकच रकाना आला तर परत पाठवा. त्यात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी आणि २०११ च्या जनगणनेपासून इंग्लंड-वेल्समध्ये चिनीही येतात; या सगळ्यांची सरासरी काढली की कुणाचंच चित्र उरत नाही. उलट फार बारीक तुकडे मागितले तर लहान संख्या ओळख पटू नये म्हणून झाकल्या जातात. उच्च शिक्षणाची आकडेवारी गोळा करणारी हेसा आपले आकडे ५ च्या पटीत गोल करते. लहान विभागाचे आकडे मागायचे असतील तर तीन वर्षांची बेरीज मागावी.

कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये ब्लॅक हिस्टरी मंथ ऑक्टोबरात असतो, १९८७ पासून. नवं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं, लोक येतात. साउथ एशियन हेरिटेज मंथ २०२० साली सुरू झाला तेव्हा १८ जुलै ते १७ ऑगस्ट असा होता: भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याला राजमान्यता मिळाली तो दिवस आणि रॅडक्लिफ रेषा जाहीर झाली तो दिवस. कल्पना सुरेख, पण त्या महिन्यात विद्यापीठात कुत्रं फिरकत नाही. तिथल्या बहुसांस्कृतिकतेवर एक जुना टोमणा आहे, साडी, समोसा आणि स्टील बँड. निम्मी नेटवर्कं अजून समोशापाशीच आहेत. त्यात विद्यापीठाच्याच केटररकडून घ्यायचा नियम, म्हणून तो समोसाही गारढोण.

अलाय हा शब्द गोऱ्या सहकाऱ्यांना उद्देशून वापरला जातो, पण आपणही कृष्णवर्णीय सहकाऱ्यांचे अलायच असतो, हे आपल्या लोकांना सहसा सुचत नाही. उपयोगी अलाय कोण? जो कार्यवृत्त लिहितो, खोली आरक्षित करतो, आणि ज्या समितीत आपल्यापैकी कुणी नाही तिथे ‘शॉर्टलिस्टचे आकडे कुठे आहेत’ असं विचारतो. ई-मेलच्या सहीखाली बिल्ला लावणारा नव्हे. चांगली नेटवर्कं दोन प्रकारच्या बैठका ठेवतात, एक सगळ्यांसाठी आणि एक फक्त सदस्यांसाठी. सगळंच खुलं असेल तर कुणी तोंड उघडत नाही, सगळंच बंद असेल तर समितीतल्या मतांपर्यंत काही पोचत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मराठी माणूस लगेच आरक्षणाशी तुलना करतो. ब्रिटनमध्ये राखीव जागा नाहीत. वंशावर आधारित कोटा ठेवला तर तोच बेकायदा. कायद्याच्या कलम १५८ खाली कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटासाठी खास प्रशिक्षण किंवा मेंटरिंग चालतं. कलम १५९ खाली दोन उमेदवार सारखेच पात्र असतील तर, आणि तरच, त्या गटातल्या उमेदवाराला झुकतं माप देता येतं, तेही प्रत्येक वेळी स्वतंत्र विचार करून. नेतृत्वप्रशिक्षणाची जागा मिळाली तर संकोचू नका, ती कुणाची हिसकावलेली नसते.

या सेवेच्या दारातच कोण अडतं, तेही पाहिलं पाहिजे. विद्यापीठातले सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि कॅन्टीनवाले यांत स्थलांतरितांचा भरणा मोठा, पण अनेक ठिकाणी ते कंत्राटदाराचे नोकर. विद्यापीठाचा ई-मेल नाही, म्हणून यादीत नाव नाही. पहाटेची पाळी, म्हणून दुपारी साडेबाराच्या बैठकीला ते नाहीत. एलएसईनं २०१७ मध्ये सफाई कामगारांना थेट नोकरीत घ्यायचं मान्य केलं ते यूव्हीडब्ल्यू या छोट्या युनियनच्या संपानंतर. त्या कामगारांच्या आयुष्यात वांशिक समानतेचा इतका मोठा बदल चर्चासत्रांनी झाल्याचं दिसत नाही. नेटवर्कच्या नियमावलीत ‘कंत्राटी कर्मचाऱ्यांसह’ हे दोन शब्द आहेत का, ते पाहा.

आणि जात. आपल्या वाचकांसाठी खरी कसोटी हीच. डॉ. आंबेडकरांना १९२३ मध्ये ज्या देशातल्या एलएसईत डी.एससी. मिळाली, त्या देशाच्या समानता कायद्यात जात हा शब्द आजही संरक्षित वैशिष्ट्य म्हणून नाही. २०१३ मध्ये संसदेनं तो घालण्याचं बंधन सरकारवर टाकलं, २०१८ मध्ये सरकारनं तसं करणार नसल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात २०१४ च्या एका अपील निकालानं ‘एथनिक ओरिजिन्स’ या शब्दांत जातीची काही प्रकरणं बसू शकतात असं म्हटलं, आणि सगळी भिस्त त्यावर आहे. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठानं २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं २०२२ मध्ये आपल्या धोरणात जात स्पष्ट लिहिली. विद्यापीठाला स्वतःचं धोरण कायद्याच्या पुढचं करता येतं, त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.

नेटवर्कमध्ये मात्र या विषयावर बहुधा शांतता असते. ‘एशियन’ म्हणून एका टेबलावर बसलेल्यांत कुणी आडनाव विचारून, कुणी गाव विचारून, कुणी ‘व्हेज ना तुम्ही?’ असं विचारून अंदाज बांधत असतो, आणि ब्रिटिश अध्यक्षाला त्यातलं काही कळत नाही. सदस्यांसाठीची सुरक्षित जागा सगळ्याच सदस्यांसाठी सुरक्षित नसते. १४ एप्रिलचा कार्यक्रम सुचवून पाहा. ‘ईस्टरची सुट्टी आहे’ हे उत्तर खरंही असेल. मग ‘सुट्टीनंतरचा आठवडा चालेल’ एवढंच म्हणा आणि समोरच्यांचे चेहरे पाहा.

आता ते शून्य. वंशावरून त्रास, डावलणं, सूड यांची तक्रार नेटवर्क ऐकून घेईल, पण चालवू शकत नाही. त्याला चौकशीचा अधिकार नाही, वकील नाही, आणि त्याचा प्रायोजक बहुधा त्याच व्यवस्थापनातला वरिष्ठ असतो. तक्रारीच्या किंवा शिस्तभंगाच्या सुनावणीला सोबत नेण्याचा कायदेशीर हक्क युनियनच्या प्रतिनिधीला किंवा सहकाऱ्याला नेण्याचा आहे. सह-अध्यक्ष सहकारी म्हणून येऊ शकतो, तुमची बाजू मांडू शकतो, पण तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वतीनं देऊ शकत नाही. यूसीयू किंवा युनिसन, जी लागू असेल त्या युनियनचं सदस्यत्व नोकरीच्या पहिल्या महिन्यातच घ्या; आधीच सुरू झालेल्या भांडणासाठी नव्या सदस्याची केस युनियन सहसा हाती घेत नाही.

मुदत पाठ करा. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल, म्हणजे नोकरीविषयक न्यायाधिकरणासाठी, तीन महिने उणे एक दिवस: १० मार्चला घडलं तर ९ जूनपर्यंत एसीएएस या मध्यस्थी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे अर्ली कन्सिलिएशनची (दाव्याआधीच्या समेटाची) नोंद झालेली हवी. ही मुदत वाढवण्याचा कायदा झाला आहे, पण तुमच्या प्रकरणाला तो लागू होतो याची एसीएएसकडे खात्री होईपर्यंत तीनच महिने धरून चाला. विद्यापीठातली अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. सगळ्यात जास्त माणसं इथेच बुडतात, कारण अंतर्गत तक्रार सहज चार-पाच महिने रेंगाळते. ‘रिपोर्ट अँड सपोर्ट’सारख्या पोर्टलवर निनावी नोंद केली तर ती आकडेवारीत जाते, केस उभी राहत नाही. आणि त्रास झाला त्या दिवसापासून तारीख, वेळ, नेमके शब्द, हजर कोण, हे विद्यापीठाबाहेरच्या वहीत लिहीत जा.

व्हिसाचे प्रश्नही नेटवर्कच्या चॅटवर टाकू नका. इमिग्रेशन सल्ला हे ब्रिटनमध्ये परवान्याचं काम आहे आणि ‘माझ्या मित्राचं असं झालं होतं’ या आधारावर ब्रिटनबाहेरच्या मुक्कामाचे दिवस मोजलेत तर कायम वास्तव्याचा अर्ज अडकतो.

एवढं वाचून सामील व्हायचं ठरवलं असेल तर अध्यक्षांना एकच ई-मेल पाठवा आणि त्यात चार गोष्टी मागा: नियमावली, गेल्या वर्षीचं अंदाजपत्रक, अध्यक्षांना मिळणारा वेळ कुठे नोंदलाय ते, आणि विद्यापीठाच्या ईडीआय समितीचं असं एक कार्यवृत्त ज्यात नेटवर्कनं मांडलेल्या मुद्द्यापुढे कुणाचं तरी नाव आणि तारीख लिहिलेली आहे. चारही आल्या तर वेळ घाला. पहिल्या तीन आल्या आणि चौथी आली नाही तर यादीत नाव ठेवा, अर्ज वाचून घ्या, समितीवर मात्र जाऊ नका. उत्तरादाखल नुसतं पुढच्या बैठकीचं आमंत्रण आलं तर जेवण असेल तेव्हाच जा, आणि ते गरम मिळेल का हे आधी विचारून घ्या.